जवाचं पाणी

२ मार्च, सोमवार

कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहा. काय लिहू म्हटलं, तर म्हणाले, काहीही, जे घडेल ते. आमच्याकडे घडत काही नाही.

आज बँकेच्या इमारतीतल्या दोन नंबरच्या लिफ्टचे दोर तपासले. डब्यात भात आणि अंडं होतं. घरी आलो. सासूबाईंनी चहा ठेवला होता, तो प्यायलो. झाल्या चार ओळी.

३ मार्च

मला डॉक्टरकडे का पाठवलं ते लिहून टाकतो. मागच्या महिन्यात लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, तळाचे स्प्रिंग बघायला. हातात पाना होता. वरून कामावरचा जोडीदार हाका मारत होता. मला ऐकू येत होतं सगळं, पण ओ द्यावीशी वाटली नाही. नुसता उभा राहिलो. शेवटी तो घाबरून खाली आला आणि माझ्या हातातून पाना काढून घेतला. साहेबांना त्यानेच सांगितलं. चहाडी नव्हे, काळजीच म्हणायची. तरी मला राग आला होता. आता तोही नाही.

डिसेंबरात ही गेली. ही म्हणजे माझी बायको. डॉक्टर म्हणतात हिच्याबद्दल लिहा. काय लिहू? गेली.

घरात आता मी आणि सासूबाई. सासरे वारल्यावर हिनेच त्यांना आणलं. "आई आपल्याकडे राहील," असं मला सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. माझी ना नव्हती. सासूबाईंच्या लेखी जावई म्हणजे कायमचा पाहुणा. मी हॉलमध्ये आलो की अजून उठून उभ्या राहतात. पाय पसरून बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. सासू-जावयात एवढ्या वर्षांत एक शब्द उणा-अधिक झाला नाही असं ही कौतुकाने सांगायची. शब्दच नाहीत तर उणे-अधिक कुठून होणार?

५ मार्च

समोरच्या शिक्षिकाबाईंनी जिन्यात गाठलं. या बाई निवृत्त झाल्या, पण त्यांची शाळा सुटलेली नाही. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना उन्हाळी लागलीय."

मला कळेना. मग त्यांनी फोड करून सांगितलं. लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं आणि होत नाही, ओटीपोटात दुखतं.

"तुम्हाला त्या मेल्या तरी सांगणार नाहीत. आणि मी सांगितलं हेही सांगू नका."

"मग मी करायचं काय?"

"पाणी पाजा. भरपूर. धणे रात्री भिजत घालायचे, सकाळी गाळून द्यायचे. आणि जवाचं पाणी सगळ्यात उत्तम. दुकानात बार्ली म्हणून मागा."

डॉक्टरांना दाखवू का म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मी नाव काढलं तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तिथे परत नेऊ नका म्हणाल्या."

तिथे म्हणजे हिला ज्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं तिथे. मलाही तिथे जायचं नाहीये. तेव्हा घरगुती उपाय तर घरगुती उपाय. बरंच झालं.

६ मार्च

जव आणले. शिक्षिकाबाईंनी तोंडी सांगितलं होतं तसं केलं. धुतले, तासभर भिजवले, भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत उकळले. एकदा उतू गेलं. गाळणी सापडेना, मग सापडली. चिमूटभर मीठ आणि लिंबू. रंग धुण्याच्या पाण्यासारखा येतो, पण चव वाईट नाही. हिच्या माघारी शेगडीला मी प्रथमच हात लावला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

जग भरून त्यांच्या दिवाणाजवळच्या स्टुलावर ठेवला. म्हटलं, "आई, उष्णतेवर चांगलं असतं म्हणे. झोपेपर्यंत संपवा."

"तुम्ही कशाला त्रास घेतलात," म्हणाल्या.

७ मार्च

सकाळी जग रिकामा होता. धुऊन पालथा घालून ठेवला होता. आनंद झाला असं नाही म्हणता येणार, पण बोल्टवर नटाचा आटा एकदाचा बसावा तसं काहीतरी झालं. धण्याचं पाणीही दिलं. तो पेलाही दुपारी रिकामा.

९ मार्च, सोमवार

या आजारावर औषध माहीत नसलेला माणूस जगात नाही. जोडीदाराला नुसतं "घरात म्हाताऱ्या माणसाला लघवीचा त्रास आहे" म्हटलं, तर त्याने लाल बेरींचा रस सांगितला, बाटलीतून येतो तो. गोदामातला कारकून म्हणाला खाण्याचा सोडा. रखवालदार म्हणाला पोट शेका. दुपारी एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या. दार उघडेपर्यंत अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं असा आमचा नियम आहे. आपण कोण, कुठे आहोत ते सांगायचं, दार उघडेल म्हणून सांगायचं, थांबायचं नाही. मला बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून हेच बोललो. त्यांनी आतून दाराच्या फटीतून ओरडून सांगितलं की साखर बंद करा आणि सैल सुती कपडे वापरायला सांगा. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघेनात.

सोडा दिला नाही. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, उगाच आगीतून फुफाट्यात नको. बाकी सगळं चालू केलं. सगळं संपवतात. पेशंट म्हणून गुणी आहेत.

११ मार्च

शिक्षिकाबाई म्हणतात, उतार नाही. पाणी वाढवा.

वाढवलं. आता दोन जग. एक दुपारी करून ठेवतो, सुट्टी घेतली की. नाहीतर सकाळी.

डॉक्टर विचारत होते झोप लागते का. नाही लागत. आमची खोली आत आहे आणि बांधणाऱ्याने संडास-बाथरूम खोलीच्याही पलीकडे काढलंय, पलंगाला वळसा घालून जावं लागतं. पूर्वी रात्री सासूबाई यायच्या, हिच्या पायाला हात लावायच्या, ही उठून दिवा लावायची. ही दाराकडच्या बाजूला झोपायची. दोघींची कुजबुज मला अर्धवट झोपेत ऐकू यायची आणि मी वैतागायचो. आता हिच्या जागेवर मीच झोपतो. भिंतीकडून बघितलं की रिकामी बाजू दिसते, इकडून दिसत नाही, म्हणून. घर आता रात्रभर शांत असतं. कोणी उठत नाही. तरी झोप नाही.

१३ मार्च

हिचं रबराचं झाड पिवळं पडायला लागलंय. दिवाणामागच्या कोपऱ्यात असतं ते. खालची पानं नुसता हात लावला तरी गळतात. शिक्षिकाबाईंनी माती चिवडून सांगितलं, "पाणी फार होतंय. मुळं कुजली असतील. अति तिथे माती."

मी म्हटलं, "मी तर पाणी घालतच नाही."

सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. हिचं झाड आहे, त्यांना वाईट वाटलं असणार. मी कुंडी खिडकीकडे सरकवली, जरा ऊन लागावं म्हणून. संध्याकाळी बघतो तर परत जागेवर, दिवाणामागे. एवढी जड कुंडी त्यांनी कशी सरकवली देव जाणे.

१५ मार्च, रविवार

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. दुसऱ्या शहरात असतो. माणूस वाईट नाही, मोठ्याने बोलतो इतकंच.

सासूबाईंनी त्याच्यासमोर चहाचे चार कप मांडले. आम्ही तिघं. मेहुणा म्हणाला, "आई, चौथा कोणाचा?" तर म्हणाल्या, "ती येईलच ना कामावरून."

त्या स्वतःच काही वेळाने कप आत घेऊन गेल्या.

मेहुण्याने मला गॅलरीत नेलं. "भाऊजी, हे कधीपासून?"

मी म्हटलं दोन-तीन दिवस. काल मला त्यांनी विचारलं होतं की कोपऱ्यात उभा आहे तो माणूस जेवून जाणार आहे का. मला वाटलं स्वप्नात बोलताहेत.

"डोकं जायला लागलंय तिचं," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. हे बघा, तुमचा काही दोष नाही. पण जावयाने किती करायचं? ताई होती तोवर ठीक होतं."

वृद्धांच्या एका संस्थेत त्याने चौकशी केलीय. फोनवर फोटो दाखवले. स्वच्छ आहे. बाग आहे. प्रत्येक खोलीला लागून स्वतःचं संडास-बाथरूम. सासूबाईंनाही दाखवले. बागेवरून त्यांनी बोट भरभर फिरवलं आणि त्या खोलीच्या फोटोवर थांबल्या. खूप वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "जाते मी."

इतक्या पटकन म्हणतील असं वाटलं नव्हतं. माझा कंटाळा आला असणार. बरोबर आहे, माझा मलाही येतो. पुढच्या रविवारी मेहुणा गाडी घेऊन येणार आहे. मला काय, चहाचा एक कप कमी.

१६ मार्च

हे काल लिहायचं राहिलं. मला ते बरं वाटलं नाही. त्या जाणार ते.

१८ मार्च

सासूबाई काही खात नाहीत. दुपारी घरी फोन केला तर उचलून म्हणाल्या, "ते कामावर गेलेत, बायकोला घेऊन." मी म्हटलं, आई, मीच बोलतोय. म्हणाल्या, सांगते त्यांना.

शिक्षिकाबाईंना विचारलं. त्यांचंही अवसान गेल्यासारखं वाटलं. तरी म्हणाल्या, पाणी अजून वाढवता येईल का बघा. संध्याकाळी जग दिला आणि म्हटलं, माझ्यासमोर एक पेला घ्या. त्यांनी घेतला. माझ्याकडे बघत होत्या, शाळेतली मुलगी बाईंनी उभं केल्यावर बघते तसं. मग मी आत गेलो.

आता रविवारपर्यंतच प्रश्न आहे. तिथे डॉक्टर असतात म्हणे रोज.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी चहा ठेवल्याचा आवाज आला नाही. बाहेर येऊन पाहिलं तर सासूबाई दिवाणावर कुडकुडत होत्या. अंग तव्यासारखं. पाठीला कंबरेच्या वर हात लावला तर विव्हळल्या. मला ओळखलं नाही.

शिक्षिकाबाई आल्या, दोघांनी मिळून खाली आणलं. त्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. तेच जवळ आहे. तिथली लिफ्ट तळमजल्याला टेकताना जरा दचकते. तेव्हाही दचकली होती. आमच्या कंपनीकडे नाही ती.

डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, मूत्रमार्गातला संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय. किती दिवसांपासून आहे? मी सगळं सांगितलं, जव, धणे, बेरी, जग. ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "एवढं पाणी पोटात असेल तर ही अवस्था होत नाही. यांच्या अंगात पाणीच नाहीये. जीभ बघा."

मी म्हटलं, मी स्वतः देत होतो. रोज. जग रिकामा असायचा.

तिने सलाइन लावलं.

२१ मार्च, शनिवार

हे लिहायचं की नाही ठरत नव्हतं. लिहितो.

दुपारी सासूबाई फार घाबरल्या होत्या. सुई उपटायला बघत होत्या. नर्स म्हणाली, कोणीतरी बोलत राहा यांच्याशी, आवाज ऐकू आला की शांत होतात. मला काय बोलता येतं? तोंडातून जे रोज निघतं तेच निघालं. म्हटलं, "घाबरू नका. मी इथेच आहे, दाराबाहेर. दार उघडेल थोड्या वेळात."

"कोण?" म्हणाल्या.

"लिफ्टवाला."

सवयीने गेलं तोंडातून. पण त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "अडकली का लिफ्ट?"

"हो. निघेल आता."

"मग बसा की. उभे कशाला?"

मी बसलो. त्या उठायला गेल्या नाहीत. पाय लांब सोडून पडल्या होत्या आणि माझ्याशी बोलत होत्या, बसमध्ये शेजारच्या बाईशी बोलावं तशा.

म्हणाल्या, लेकीकडे राहते मी. मग थांबून म्हणाल्या, "लेक गेली माझी. डिसेंबरात. आता जावयाकडे असते."

कप चार मांडणाऱ्या बाई. मला वाटत होतं त्या विसरल्यात.

का विचारलं ते माहीत नाही, पण विचारलं. "त्रास देतो का जावई?"

"छे हो. गुणी आहे. मूग गिळून बसलेला असतो, पण गुणी आहे. रोज संध्याकाळी भांडं भरून जवाचं पाणी उकळून देतो मला. लेकीनेही कधी केलं नव्हतं एवढं."

मला त्या कधी 'तो' म्हणाल्या नव्हत्या. घरच्या माणसाला म्हणतात तसं म्हणत होत्या.

"मग प्यायचं ना ते पाणी," मी म्हटलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "पिऊन जाऊ कुठे? संडास त्याच्या खोलीच्या पलीकडे. दाराशीच झोपतो, लेकीच्या जागेवर. झोपतो कुठला, डोळे उघडे टाकून पडलेला असतो. त्याच्या अंगावरून जायचं म्हणजे... जावई आहे हो, पण पुरुष माणूस. पूर्वी लेकीच्या पायाला हात लावायचे मी, ती उठायची. आता कोणाच्या पायाला लावू?"

"मग रात्रभर?"

"धरते. होते सवय. दिवसा तो गेला की जाते. पण प्यायलंच नाही तर काही लागत नाही."

"आणि पाणी?"

"ओतते झाडाला. पाप लागेल मला. लेकीचं झाड आहे, मरायला टेकलंय बिचारं." माझं मनगट धरलं त्यांनी. "त्याला सांगू नका हं. एवढं मन लावून करतो."

"नाही सांगत," म्हटलं.

मग कुशीवर वळल्या. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाल्या, "रडला नाही हो तो अजून. मी कान देऊन असते. एकदा रडला असता तर बरं झालं असतं."

मी काही बोललो नाही. आमचा नियम मोडला.

"निघाली का लिफ्ट?"

"निघाली."

"जाते मग," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मी जिन्याने खाली आलो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते माझ्या घरात, माझ्या हाताने, रोज दोन जग. मी जिन्यात बसलो. वाटलं आता तरी येईल. नाही आलं.

२२ मार्च, रविवार

मेहुणा गाडी घेऊन आला तो थेट हॉस्पिटलमध्येच. डॉक्टरिणीने आम्हा दोघांना बसवून सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना असा संसर्ग झाला की डोक्यावर परिणाम होतो, असंबद्ध बोलतात, भास होतात. डोकं गेलं असं लगेच म्हणायचं नाही. औषधाने उतरायला हवं, मग बघू.

मी विचारलं, जवाचं पाणी चुकलं का.

"त्याने नुकसान नाही," ती म्हणाली. "द्या की. सुरुवातीला लघवी तपासून औषध चालू केलं असतं आणि बरोबरीने हे दिलं असतं, तर इथवर आलं नसतं. आणि ताप, पाठीत दुखणं किंवा असं बरळणं सुरू झालं की घरी थांबायचंच नाही. दुसरं म्हणजे, नुसतं पाणी पाजून उपयोग नाही, वेळेवर जायलाही हवं. धरून ठेवायचं नाही."

मी हो म्हटलं.

बाहेर मेहुणा म्हणाला, "तरी संस्थेचं पक्कं करतो मी. इथून परस्पर तिकडेच नेऊ. तुमच्या घरात काय सोय आहे, भाऊजी? तुम्ही दिवसभर बाहेर."

"घरी येतील त्या."

"तीच हो म्हणालीय."

"सोय करतो मी."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी एवढी दोन वाक्यं सलग बोललो याचंच त्याला नवल वाटलं असावं. म्हणाला, आईला विचारू, शुद्धीवर आली की. ती म्हणेल ते.

२५ मार्च

आज त्यांनी मला ओळखलं. उठून बसायला लागल्या, पदर सावरायला लागल्या, म्हणजे ओळखलंच. "तुमच्या डब्याचं काय?" म्हणाल्या. लिफ्टवाल्याशी बोललेलं त्यांना आठवत नसावं. मी काही काढलं नाही.

मेहुण्याचा फोन त्यांच्या हातात दिला. तो काय बोलला ऐकू आलं नाही. या म्हणाल्या, "हो, जाईन. तुला बरं पडेल तसं. जावयांना किती त्रास द्यायचा?" मग विचारलं, "ती खोली, फोटोतली, तिला लागूनच आहे ना रे?"

मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

२६ मार्च

सुट्टी घेतली. जोडीदाराला बोलावलं. त्याने काही विचारलं नाही, हत्यारांची पेटी घेऊन आला.

पलंग आत राहू दिला. दाराच्या तोंडावरून काढून भिंतीला लावला, म्हणजे बाथरूमपर्यंत वाट मोकळी. भिंतीला धरायला दांडा बसवला, लिफ्टमधलाच जुना, चांगला जड. दाराची आतली कडी सैल होती, ती बदलली. रात्रीसाठी छोटा दिवा लावला. माझे कपडे हॉलच्या कपाटात आणले.

पलंगावरच्या हिच्या उशीचं काय करायचं कळेना. जोडीदार म्हणाला, राहू दे, त्यांनाच लागेल. चादर काढताना तो मदतीला पुढे आला, मी नको म्हटलं. घडी घातली. हिचा एक केस होता. वास काही राहिलेला नाही.

काही वाटलं नाही, असं लिहिणार होतो. वाटलं. पण लांबून.

२७ मार्च, शुक्रवार

सासूबाईंना घरी आणलं. शिक्षिकाबाई सोबत होत्या. मेहुण्याला म्हटलं होतं, रविवारपर्यंत थांब. त्या सवयीने दिवाणाकडे वळल्या. दिवाणावर माझी गादी.

मी पाठ करून ठेवलं होतं ते बोललो. "आई, माझी पाठ धरलीय. खड्ड्यात वाकून वाकून. डॉक्टर म्हणालेत कडक अंथरूण पाहिजे, पलंगाची गादी फार मऊ आहे. मी आता इथेच झोपणार. तुम्ही आत झोपा."

"दिवाणावर पाय बाहेर येतील तुमचे."

"येऊ देत."

त्या खोलीच्या दारात गेल्या. दांडा पाहिला. कडी पाहिली, एकदा लावून काढून पाहिली. उशी पाहिली. आमच्याकडे पाठ होती. शिक्षिकाबाई काहीतरी बोलणार होत्या, मी हाताने थांबवलं.

"पाठ कधीपासून धरलीय?" सासूबाईंनी विचारलं, मागे न बघता.

"झाले थोडे दिवस."

"सांगायचं नाही का मग," म्हणाल्या. "माणसाने सांगावं."

संध्याकाळी गोळी दिली. मग जव उकळले. आता उतू जात नाही. जग आत ठेवला, पलंगाजवळ. झाडापासून लांब, हे मनात आलं आणि मला हसू फुटलं. त्यांनी कडी लावली. आतून कडी लागल्याचा आवाज छान घट्ट आला. जोडीदाराचं काम चोख असतं.

२८ मार्च

मेहुण्याला त्यांनी स्वतः फोन केला. "राहते मी इथेच. यांची पाठ बरी नाही, एकट्याने कसं होणार?" तो पलीकडून बराच वेळ बोलला. "बघू मग पुढे," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला दोनदा जाग आली, पाणी सोडल्याचा आवाज झाला तेव्हा. पूर्वीसारखा वैताग नाही आला. कूस बदलली. पाय खरंच बाहेर येतात.

२९ मार्च, रविवार

सकाळी जग स्वयंपाकघरात आणून ठेवलेला होता. रिकामा. पण रिकाम्या जगावर माझा आता विश्वास नाही. दिवाणामागे जाऊन कुंडीत बोट घातलं. माती कोरडी होती. पार आतपर्यंत. वर तडे गेले होते.

तांब्याभर पाणी आणलं आणि झाडाला घातलं. साधं पाणी. चार पानं राहिलीत त्याला. हिने रोपटं आणलं तेव्हाही चारच होती. ही म्हणाली होती, मरत नाही हो हे, तुम्हाला बघवत नसेल तर बघू नका. तिचा आवाज आठवला. शब्द नाही, आवाज. आणि मग आलं ते. मी कुंडीशी उकिडवा बसलो होतो, तसाच बसलो आणि रडलो. तांब्या हातातून पडला, पाणी दिवाणाखाली गेलं. आवाज होऊ नये म्हणून तोंड दाबायला गेलो, पण दाबता येईना.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. मला वाटलं आता परत आत जातील. जावई असा बसलेला त्यांना कसा बघवेल? त्या गेल्या नाहीत. उभ्याही राहिल्या नाहीत. माझ्या अंथरुणावर, दिवाणाच्या कडेला बसल्या. पाय वर घेतले, ओल्यातून बाहेर.

मी कसंबसं म्हटलं, "आई, तुमचा चहा निवेल."

"निवू दे," म्हणाल्या. "परत गरम करता येतो."